अपडेट झालं म्हणतं, पण होत नाही

"ब्राउझर अपडेट केला, सगळं नीट झाल्याचं दिसलं, रीस्टार्टही केलं. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा अपडेटच मागतो. असं का?" संगणकाची थोडीफार माहिती असलेल्या माणसाला घरीदारी हा प्रश्न हमखास विचारला जातो. काहींच्या पडद्यावर 'अपडेट फेल्ड' एवढंच येतं आणि पुढे काय करायचं, याचा पत्ता नसतो. मग काही जण कंटाळून नाद सोडतात. काही जण ब्राउझर मुळापासून काढून टाकतात आणि त्याच्यासोबत वर्षानुवर्षांचे बुकमार्क आणि पासवर्डही घालवून बसतात. हे दोन्ही प्रकार टाळता येतात, आणि त्यासाठी संगणकतज्ज्ञ असावं लागत नाही.

नाद सोडणं का बरं नाही, ते आधी बघू. क्रोम आणि फायरफॉक्स यांच्या प्रोग्रामचा बराचसा भाग जगाला वाचायला खुला असतो. एखादं भगदाड बुजवलं की ती दुरुस्ती सगळ्यांना दिसते, चोरांनाही. दुरुस्ती वाचून मूळ भगदाड कुठे होतं, हे हुशार चोराला शोधता येतं. मग ज्यांच्या यंत्रात ती दुरुस्ती अजून पोचलेली नाही, ते त्याचं गिऱ्हाईक होतात. ही फट अरुंद करण्यासाठी क्रोमने ऑगस्ट 2023 पासून, 116 व्या आवृत्तीनंतर, सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली. त्याआधी 2021 मध्ये मोठ्या आवृत्त्यांमधलं अंतर सहा आठवड्यांवरून चार आठवड्यांवर आलं होतं. म्हणून अडकलेलं अपडेट महिनोन्‌महिने तसंच राहू देणं धोक्याचं आहे, विशेषतः त्याच ब्राउझरमधून बँकेचे व्यवहार होत असतील तर.

१. आधी आकडा वाचा

अपडेट झालं की नाही, हे ठरवायचं ते आवृत्तीच्या आकड्यावरून. क्रोममध्ये वर उजवीकडचे तीन ठिपके, मग 'हेल्प', मग 'अबाउट गूगल क्रोम'. फायरफॉक्समध्ये तीन आडव्या रेघा, 'हेल्प', 'अबाउट फायरफॉक्स'. ही खिडकी नुसती उघडली तरी ब्राउझर नवं अपडेट आहे का, ते तपासायला लागतो.

क्रोमचा आकडा चार तुकड्यांचा असतो. समजा काल 109.0.5414.74 होता आणि आज 109.0.5414.120 आहे. पहिला तुकडा मोठ्या आवृत्तीचा. दुसरा बहुतेक वेळा शून्यच असतो. तिसरा तुकडा ही आवृत्ती कोणत्या बांधणीतून निघाली ते सांगतो आणि चौथा त्या बांधणीवर झालेल्या दुरुस्त्या दाखवतो. वरच्या उदाहरणात 109 तसाच राहिला, म्हणून अनेकांना वाटतं की काहीच बदललं नाही. प्रत्यक्षात 74 चा 120 झाला, म्हणजे अपडेट व्यवस्थित झालं आहे. तेव्हा अपडेटच्या आधी पूर्ण आकडा कागदावर लिहून ठेवा आणि नंतर शेवटच्या तुकड्यापर्यंत ताडून बघा.

आकडा खरोखरच हलला नसेल तर आणखी एक शक्यता तपासा: यंत्रात ब्राउझर दोनदा बसवलेला आहे का? फायरफॉक्सच्या बाबतीत असं पुष्कळदा होतं. एक प्रत संकेतस्थळावरून उतरवलेली असते, दुसरी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून आलेली असते. किंवा एक जुनी 32 बिटची आणि एक नवी 64 बिटची, दोन वेगळ्या फोल्डरांत नांदत असतात. अपडेट होतं एकीचं, आणि डेस्कटॉपवरचं चिन्ह उघडतं दुसरीला. फायरफॉक्सच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत 'अबाउट', मग दोन टिंबं आणि 'सपोर्ट' असं सलग टाइप करा. उघडलेल्या पानावर, सध्या चालू असलेली प्रत डिस्कवर नेमकी कुठे आहे, ते दिलेलं असतं. जुनी प्रत काढून टाकली आणि नवीचं चिन्ह डेस्कटॉपवर ठेवलं की काम झालं.

२. एका अपडेटच्या पोटात सहा कामं

आपण एकदाच बटण दाबतो, पण आत सहा कामं एकामागून एक होतात. ब्राउझर आपल्या कंपनीच्या सर्व्हरला 'नवीन काही आहे का' असं विचारतो. असेल तर फाईल उतरवतो. उतरलेली फाईल पूर्ण आणि अस्सल आहे ना, ते तपासतो. मग जुन्या फाईल्सच्या जागी नव्या ठेवतो. त्यानंतर नव्या फाईल्समधून पुन्हा सुरू होतो. शेवटी तुमची जुनी माहिती, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड, इतिहास, नव्या आवृत्तीत उघडतो.

अपडेट अडलं म्हणजे या सहांपैकी एक काम अडलं. कुठलं अडलं ते कळल्याशिवाय उपाय करायला गेलं, तर माणूस इंटरनेटचा दोष असताना प्रोग्राम उपटतो आणि परवानगीचा प्रश्न असताना राउटर बंद-चालू करत बसतो. ओळखायची ढोबळ खूण अशी: टक्केवारी पुढे सरकतच नसेल तर पहिल्या दोन कामांत अडचण आहे. शंभर टक्के उतरून मग चूक दाखवत असेल तर तिसऱ्या किंवा चौथ्यात. चूक न दाखवता जुनाच आकडा दिसत असेल तर संशय पाचव्यावर. आणि आकडा नवा आहे, पण बुकमार्क गायब आहेत, असं असेल तर सहाव्यावर.

३. उतरताना अडतं तेव्हा

ब्राउझर दर वेळी सगळाच्या सगळा नव्याने उतरवत नाही. जुन्या आणि नव्या आवृत्तीत जेवढा फरक आहे तेवढाच मागवतो. यात वाचतं किती, याचं गूगलच्या अभियंत्यांनी 2009 मध्ये दिलेलं एक उदाहरण बघण्यासारखं आहे. क्रोमच्या एका अपडेटची पूर्ण फाईल 1,03,85,920 बाइटची होती. फरक काढायच्या तेव्हाच्या रूढ पद्धतीने ती 7,04,512 बाइटवर आली, आणि त्यांनी तयार केलेल्या नव्या पद्धतीने अवघ्या 78,848 बाइटवर. म्हणजे मूळच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी.

या काटकसरीला एक अट असते. फरकाची फाईल चालते ती तुमच्या यंत्रातली जुनी फाईल जशी असायला हवी तशीच असेल तर. डिस्क खराब झाल्याने, एखाद्या व्हायरसमुळे किंवा मागचं अपडेट मध्येच वीज जाऊन अर्धवट राहिल्याने ती थोडी जरी बदलली असेल, तर फरक बसवायला आधारच उरत नाही. फायरफॉक्स अशा वेळी स्वतःच पूर्ण फाईल मागवतो. म्हणून पहिला प्रयत्न फसला आणि दुसऱ्या वेळी उतरायला बराच जास्त वेळ लागू लागला, तर घाबरून मध्येच बंद करू नका. तो योग्य तेच करतो आहे.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर मोठी फाईल पुन्हा पुन्हा तुटत असेल तर निमूटपणे पूर्ण सेटअप फाईल घ्यावी. क्रोमची अशी फाईल शंभर एमबीहून मोठी असते, पण एकदा उतरली की बसवताना इंटरनेट लागत नाही. जिथे चांगलं नेट आहे तिथे ती पेनड्राइव्हवर घ्या आणि घरी आणून चालवा. गावाकडच्या कमजोर जोडणीवर यापेक्षा भरवशाचा मार्ग नाही. डिस्कवर पुरेशी मोकळी जागा आहे का, हेही याच वेळी बघा. उतरलेली फाईल, ती उलगडून झालेली नवी आवृत्ती आणि अजून न पुसलेली जुनी आवृत्ती, अशा तिघी काही काळ एकत्र राहतात.

४. घड्याळ चुकलं की सगळंच चुकतं

हे कारण लोकांच्या सहजी लक्षात येत नाही, म्हणून ते वेगळं सांगतो.

ब्राउझर आपल्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो तेव्हा समोरचा खरा आहे ना, हे तो सर्टिफिकेटवरून ठरवतो. प्रत्येक सर्टिफिकेटवर 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध' असं नोंदलेलं असतं. आता तुमच्या जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे असं समजा. बहुतेक यंत्रांत ती सीआर 2032 या नावाची असते. मुख्य वीज गेली की घड्याळ चालू ठेवायचं काम तिचं. ती संपल्यामुळे वीज जाऊन आल्यावर संगणकाला वाटतं, आज 1 जानेवारी 2010. सर्व्हरचं सर्टिफिकेट गेल्या महिन्यात दिलेलं आहे. संगणकाच्या हिशोबाने ते पंधराहून अधिक वर्षांनी सुरू होणार आहे, म्हणजे आज अवैध! जोडणी नाकारली जाते, आणि पडद्यावर मात्र अपडेट होऊ शकलं नाही एवढंच दिसतं.

म्हणून कुठलाही खटाटोप करण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा, त्यातलं वर्षही बघा. ती दर वेळी मागे जात असेल तर बॅटरी बदलून घ्या. खर्च किरकोळ असतो, आणि बाकीची अनेक संकेतस्थळं उघडत नसल्याची तक्रारही बहुधा त्यासोबतच संपते.

५. पंगत बसलेली असताना

चौथं आणि पाचवं काम, म्हणजे फाईल्स बदलणं आणि नव्याने सुरू होणं. सगळ्यात जास्त अपडेट इथेच अडतात.

पंगत बसलेली असताना खालची सतरंजी बदलता येत नाही; माणसं उठावी लागतात. विंडोजमध्ये चालू असलेल्या प्रोग्रामची फाईल अशीच दाबून धरलेली असते. तिच्यावर नवी फाईल लिहिता येत नाही. क्रोमने यावर युक्ती काढली आहे. नवी आवृत्ती जुन्याच्या शेजारी, आपल्या आकड्याच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये आधी तयार ठेवायची, मुख्य फाईल 'न्यू क्रोम' अशा नावाने बाजूला ठेवायची, आणि ब्राउझर पूर्ण बंद होऊन पुन्हा उघडला की नावांची अदलाबदल करायची. फायरफॉक्सही उतरवलेली फाईल एका वेगळ्या फोल्डरमध्ये उलगडून ठेवतो आणि पुढच्या वेळी सुरू होताना ती जागेवर आणतो.

दोघांची अट एकच: ब्राउझर पूर्ण बंद व्हायला हवा. आणि खिडकीवरची फुली दाबली म्हणजे तो पूर्ण बंद झालाच असं नाही. क्रोमच्या 'सिस्टिम' सेटिंगमध्ये, क्रोम मिटल्यावरही मागे काही कामं चालू ठेवायची, असा एक पर्याय आहे. तो चालू असेल तर खिडकी मिटते, प्रोग्राम जागाच राहतो. घरातल्या एकाच संगणकावर दोन खाती असतील आणि मुलीने आपलं खातं लॉग आउट न करता नुसतं 'स्विच' केलं असेल, तर तिच्या खात्यात फायरफॉक्स उघडाच असतो. तुम्ही तुमच्याकडून कितीही वेळा बंद केला तरी फाईल मोकळी होत नाही.

मग कसं करायचं? आधी सगळ्या खात्यांतून लॉग आउट व्हा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. यादीत ब्राउझरचं नाव अजून असेल तर त्यावर 'एंड टास्क' द्या. मग विंडोज रीस्टार्ट करा. इथे 'रीस्टार्ट'च म्हणतो आहे, 'शट डाउन' नव्हे. विंडोज 8 पासून यंत्र लवकर सुरू व्हावं म्हणून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असताना 'शट डाउन' केलं की विंडोज आपला गाभा पूर्ण बंद न करता जसाच्या तसा डिस्कवर साठवतो आणि सकाळी तोच परत आणतो. 'रीस्टार्ट' मात्र खरोखर पहिल्यापासून सुरुवात करतो. रोज रात्री यंत्र बंद करूनही अपडेट न बसण्यामागे हेही एक कारण असू शकतं.

लिनक्सवाल्यांचा अनुभव याच्या उलट असतो. तिथे चालू प्रोग्रामची फाईलही बदलू दिली जाते. तुम्ही फायरफॉक्स वापरत असताना सिस्टिमचं अपडेट येतं, फाईल्स नव्या होतात, आणि नवा टॅब उघडला की रीस्टार्ट करायला सांगणारं पान समोर येतं. आजचा ब्राउझर एकच प्रोग्राम नसतो. मुख्य भाग एक, आणि टॅबसाठी वेगळे चालणारे भाग अनेक. मुख्य भाग जुना आणि नव्या टॅबचा भाग नवा, अशी जोडी जमत नाही. हे पान आलं म्हणजे काही बिघडलं असं समजू नये. ब्राउझर बंद करून उघडला की तो पूर्ववत चालतो.

६. दारावर कोण अडवतं

फाईल मोकळी असूनही ती बदलायला परवानगी लागते. विंडोजमध्ये 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरमध्ये लिहायचं तर ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार हवेत. दर वेळी परवानगीची खिडकी यायला नको म्हणून मोझिलाने 2012 मध्ये फायरफॉक्सच्या 12 व्या आवृत्तीसोबत 'मोझिला मेंटेनन्स सर्व्हिस' नावाचा छोटा मदतनीस दिला. यंत्र 'साफ' करणारी सॉफ्टवेअर वापरताना अनेक जण हा मदतनीस अनावश्यक समजून बंद करतात. तुमच्या बाबतीत तसं झालं असेल तर तो पुन्हा चालू करा, किंवा ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून नवी सेटअप फाईल चालवा. अँटिव्हायरसही नव्या फाईलला संशयाने अडवतो. त्याच्या नोंदींमध्ये ब्राउझरचं नाव दिसतं का, ते आधी बघा. तो सरळ बंद करून टाकू नका.

कार्यालयातल्या संगणकावर 'हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून चालवला जातो' अशा अर्थाची ओळ दिसली, तर अपडेट कधी करायचं ते तिथल्या सिस्टिम विभागाने ठरवलेलं असतं. त्यांनाच सांगा. हीच ओळ घरच्या खासगी यंत्रावर दिसली तर मात्र सावध व्हा. बाहेरच्या एखाद्या सॉफ्टवेअरने तिथे आपले नियम घुसवलेले असू शकतात.

मॅकवर आणखी एक गंमत होते. फायरफॉक्सची उतरवलेली फाईल उघडली की एक आभासी डिस्क दिसते, आणि तिच्यातूनच लोक ब्राउझर चालवत राहतात. त्या डिस्कवर काही लिहिता येत नाही, त्यामुळे अपडेट कधीच बसत नाही. चिन्ह ओढून 'ॲप्लिकेशन्स' फोल्डरमध्ये टाकलं की प्रश्न सुटतो.

७. यंत्रच मागे राहिलं असेल तर

कधी कधी काहीच बिघडलेलं नसतं. विंडोज 7, 8 आणि 8.1 वर क्रोमची शेवटची आवृत्ती 109. फेब्रुवारी 2023 मध्ये आलेली 110 तिथे बसतच नाही. फायरफॉक्सने जुलै 2023 ची 115 ही दीर्घ मुदतीची आवृत्ती अशा यंत्रांसाठी ठेवली आणि पुढेही काही काळ तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या दिल्या. विंडोज एक्सपीसाठी हीच रेघ क्रोमच्या 49 वर आणि फायरफॉक्सच्या 52 वर ओढली गेली होती. जुन्या आवृत्तीवर थांबून राहण्याची झळ कशी लागते, याचंही उदाहरण ताजं आहे. 14 मार्च 2025 ला फायरफॉक्समधल्या एका मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली. 128 च्या आधीच्या आवृत्त्यांवर, किंवा दीर्घ मुदतीच्या 115.13 च्या आधी राहिलेल्यांवर, ॲड-ऑन बंद पडण्याची वेळ आली. अशा यंत्रावर सेटअप फाईल पुन्हा पुन्हा चालवण्यात अर्थ नाही. ऑपरेटिंग सिस्टिम बदलणं किंवा हलकं लिनक्स घालणं हाच मार्ग.

८. तुमचा ऐवज कुठे असतो

ज्यांनी ब्राउझर काढताना बुकमार्क गमावले, त्यांच्यासाठी हा भाग. प्रोग्राम एका फोल्डरमध्ये असतो आणि तुमची माहिती पूर्ण वेगळ्या फोल्डरमध्ये. तिला प्रोफाइल म्हणतात. प्रोग्राम काढला तरी प्रोफाइल आपोआप जात नाही. ती जाते क्रोम काढताना विचारलेल्या 'ब्राउझिंगची माहितीही पुसायची का' या चौकटीत तुम्ही खूण केलीत तर. ती चौकट रिकामी सोडा.

तरीही आधी प्रत काढून ठेवावी. फायरफॉक्समध्ये मघाच्या 'सपोर्ट' पानावर प्रोफाइलचा फोल्डर उघडायचं बटण आहे. ब्राउझर बंद करून तो पूर्ण फोल्डर दुसरीकडे ठेवा. सुट्या फाईल उचलायच्या असतील तर एवढं लक्षात असू द्या: पासवर्ड 'लॉगिन्स डॉट जेसन' या फाईलमध्ये असतात, पण त्यांची किल्ली 'की-फोर डॉट डीबी' या दुसऱ्या फाईलमध्ये. एकटी पहिली घेतली तर पासवर्ड उघडत नाहीत. क्रोमचे पासवर्ड तर तुमच्या विंडोजच्या खात्याशी बांधलेले असतात. फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेऊन ते मिळत नाहीत. त्यासाठी आधी 'सिंक' चालू करा.

आणि नवी आवृत्ती पटली नाही म्हणून जुनी बसवण्याचा विचार असेल, तर थांबा. नव्या आवृत्तीने प्रोफाइलची मांडणी बदललेली असू शकते. जुनी ती वाचायला गेली तर माहिती बिघडते. म्हणून मे 2019 च्या 67 व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स अशा वेळी जुनी प्रोफाइल उघडत नाही, नवी कोरी करायला सांगतो. पडदा रिकामा दिसला की लोकांना वाटतं सगळं गेलं. जुनी प्रोफाइल जागच्या जागी असते. नवी आवृत्ती परत बसवली की ती पुन्हा उघडता येते.

९. तरीही जमलं नाही तर

मग नव्याने बसवणं आलं. सेटअप फाईल फक्त ब्राउझरच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. एखादं वेब पान स्वतःच 'तुमचा ब्राउझर जुना झाला, इथे दाबा' असं ओरडू लागलं तर ते पान मिटून टाका. खऱ्या अपडेटची सूचना ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूत किंवा खिडकीत येते, संकेतस्थळाच्या मजकुरात येत नाही. खोट्या अपडेटच्या नावाखाली यंत्रात घुसणं ही चोरांची जुनी आणि अजूनही चालणारी रीत आहे. विंडोजमध्ये उतरलेल्या फाईलवर उजवं बटण दाबा, 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' बघा. तिथे क्रोमसाठी 'गूगल एलएलसी', फायरफॉक्ससाठी 'मोझिला कॉर्पोरेशन' हे नाव हवं. नसेल तर ती फाईल चालवू नका.

पहिल्या फेरीत जुनी प्रत न काढताच नवी तिच्यावर चालवून बघा. पुष्कळदा एवढ्यानेच भागतं. तेवढ्याने नाही झालं तर अनइन्स्टॉल, मग रीस्टार्ट, मग नवी फाईल. यानंतर आकडा नवा दिसतो, पण ब्राउझर अडखळत चालतो, असं झालं तर दोष प्रोफाइलमध्ये आहे. फायरफॉक्समध्ये त्यासाठी 'रिफ्रेश' ही सोय आहे. ती बुकमार्क आणि पासवर्ड राखते, ॲड-ऑन काढते, आणि जुनी प्रोफाइल 'ओल्ड फायरफॉक्स डेटा' या नावाच्या फोल्डरमध्ये डेस्कटॉपवर ठेवून देते. आठवडाभर ती राहू द्या. सगळं जागेवर आहे याची खात्री पटली की ती पुसा, आणि रीसायकल बिनही रिकामं करा. त्या फोल्डरमध्ये तुमचे सगळे पासवर्ड आणि त्यांची किल्ली शेजारी शेजारी ठेवलेली असते.